रिकामं आभाळ आणि एक जबडा

ठिणगीच्या उजव्या तळहाताला रेषा नाहीत. हात बघून भविष्य सांगणारा कुणी भेटला की तो मुद्दाम हाच हात पुढे करतो आणि त्या माणसाची पंचाईत बघत बसतो. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत कातडी गुळगुळीत, चकचकीत, आणि मधोमध एक आडवा चर. हा चर सातव्या वर्षी त्याच्या बापाने उमटवला.

बाप लोहार. मनगट खांबासारखं आणि राग नाकाच्या शेंड्यावर. दुकानात भाता, ऐरण, घण आणि पाण्याचं पिंप अशा चार गोष्टी रोज लागायच्या. पाचवी म्हणजे मार. गिऱ्हाईक उशिरा आलं तर पोराला एक बसायची, आणि लवकर आलं तर काम तयार नाही म्हणून दोन.

त्या दिवशी ऐरणीपाशी जमिनीवर सळईचा एक तुकडा पडला होता. काळा, गरीब बिचारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"उचल," बाप म्हणाला.

पोराने उचलला. चर्र आवाज झाला, आणि वास आला. तो वास पुढे आयुष्यभर त्याला कुठेही अचानक यायचा. सळई हाताला चिकटली ती सुटेना. बापाने मनगट धरून हात झटकला, पिंपात बुडवला आणि शांतपणे सांगितलं, "लाल लोखंडाला सगळे भितात. काळ्याला कुणी भीत नाही, म्हणून काळंच जाळतं. आता जन्मात विसरणार नाहीस."

धडा पुढे चालू राहायचा होता, पण मागच्या दाराने आई आली. जन्मात कधी आवाज न चढवलेली बाई. तिने भट्टीतला लांब चिमटा उचलला आणि नवऱ्याच्या खांद्यात असा घातला की हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. बाप दोन महिने डाव्या हाताने घण मारत होता. त्या घरात शिक्षण, न्याय आणि प्रेम या तिन्ही खात्यांचा कारभार एकाच अवजारावर चालायचा.

पोरगं बापावर गेलं. पेटायला काडी लागायची नाही, म्हणून शाळेत नाव पडलं ठिणगी. बाकावरच्या शेजाऱ्याने त्याचा तळहात बघून "चिकटपट्टी" म्हटलं, तर त्याचे पुढचे दोन दात बाकाखाली शोधावे लागले.

विज्ञानाच्या मास्तरांनी एकदा खिडकीच्या कवडशात काचेचा लोलक धरला. कागदावर जांभळ्यापासून लालपर्यंत पट्टा पडला. मास्तरांनी एक तापमापी जांभळ्यात ठेवली, एक लालमध्ये, आणि तिसरी लालच्याही पलीकडे, जिथे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने तिसरीचाच पारा सगळ्यांत वर.

"इथे तर उजेड नाही," मास्तर म्हणाले. "मग पारा का चढला?"

ठिणगी ताडकन उठला आणि ओरडला, "काळं लोखंड!"

इतक्या जोरात ओरडला की मास्तरांच्या हातातून लोलक निसटून फुटला. लोलकाबद्दल पोटरीवर चार छड्या बसल्या. मग मास्तरांनी विचारलं, "आता सांग, काय म्हणत होतास?" त्याने हात दाखवून सगळं सांगितलं. मास्तर बराच वेळ तो तळहात बघत राहिले आणि म्हणाले, "चारातल्या दोन परत घे." कशा घ्यायच्या ते मात्र सांगितलं नाही.

तेव्हापासून ठिणगी लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या उजेडामागे लागला. शास्त्रात त्याला अवरक्त म्हणतात. शाळा संपली, कॉलेज संपलं, वाटेत एका वसतिगृहातून मारामारीसाठी हकालपट्टी झाली, आणि शेवटी तो वेधशाळेच्या संस्थेत बाईंसमोर मुलाखतीला बसला. बाई म्हणजे तिथल्या प्रमुख. पाच फुटांच्या आतबाहेर, आणि समोरच्याच्या थोबाडाकडे न बघता आकड्यांकडे बघून बोलायची सवय.

"हाताला काय झालंय?"

"भाजला."

"कुणी भाजला?"

"अभ्यासक्रमाचा भाग होता, बाई."

बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली आणि त्याला घेतलं.

विषय होता दूरच्या दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे थवे, इतके लांब की त्यांचा उजेड निघाला तेव्हा आपली पृथ्वीही नव्हती. ठिणगीने त्यातल्या भांडखोर निवडल्या. दोन दीर्घिका एकमेकींवर आदळतात, एकमेकींना फाडतात, पोटातलं बाहेर ओढतात, आणि त्या धिंगाण्यात धूळ अशी उठते की साध्या दुर्बिणीला काळोखाशिवाय काही दिसत नाही. आत काय चाललंय ते फक्त बाहेर झिरपणाऱ्या उष्णतेवरून कळतं. हे ठिणगीला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. त्याच्या घरचं दारही बंदच असायचं.

काम तो झपाटल्यासारखा करायचा आणि रागही तसाच. पाच वर्षांत त्याने एक कीबोर्ड भिंतीवर फोडला, कपाटाची काच ठोशाने आत घातली, आणि चर्चेत आडवा बोलणाऱ्या एका पाहुण्याला कॉलर धरून खुर्चीसकट उचललं. त्या दिवशी बाईंनी त्याला बोलावून सांगितलं, "वस्तू फोडल्यास, मी भरून घेतल्या. माणूस फोडलास तर दुर्बिणीला परत हात लावू देणार नाही. तुझ्या बापाचं दुकान नाही हे."

"बापाच्या दुकानात काच नव्हती, बाई."

"जा."

आता थोडं भांड्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या भांड्यापायी झालं.

अवरक्तातली अडचण अशी की जे जे गरम ते ते चमकतं. हवा चमकते, दुर्बीण स्वतः चमकते, बघणाऱ्याचं नाकसुद्धा चमकतं. अशात लांबच्या दीर्घिकेचा उजेड शोधणं म्हणजे पेटलेल्या घरात कुणी काडी ओढली ते ओळखणं. म्हणून कॅमेऱ्याचा डोळा पोलादी भांड्यात बंद करून, द्रव नायट्रोजन ओतून, भयंकर थंड ठेवतात. हे काम करायचा बर्फवाला. पन्नाशी उलटलेला, शिडशिडीत, सतत शीळ घालणारा माणूस. सगळे त्याला काका म्हणायचे, ठिणगीही.

डोळा थंड ठेवूनही भागत नाही. मग एक युक्ती करतात. आधी दीर्घिकेकडे बघायचं, लगेच शेजारच्या रिकाम्या आभाळाकडे बघायचं, आणि पहिल्यातून दुसरं वजा करायचं. हवेची, दुर्बिणीची चमक दोन्हीत सारखीच, ती उडून जाते. उरते ती दीर्घिका. शेजारची कुठली जागा रिकामी हे ठरवणं ठिणगीचं काम. त्याने आभाळाचे साधे फोटो तपासले, एक स्वच्छ काळा तुकडा निवडला आणि वहीत लिहिलं, 'येथे काही नाही.'

दीड वर्ष वाट बघून दुर्बीण तीन रात्री मिळाली. तिसऱ्या रात्री वादळी वारा होता, दुर्बीण हलत होती, म्हणून ती चित्रं बाजूला टाकली. पहिल्या दोन रात्रींची चित्रं सकाळी सगळ्यांसमोर पडद्यावर आली. करड्या पार्श्वभूमीवर पांढरी दीर्घिका झकास उमटली होती. आणि तिच्या शेजारी एक काळा खड्डा. वाटाण्याएवढा, डांबरासारखा काळा.

"डोळा मेलाय तिथला," बाई म्हणाल्या. "ओल गेली असणार आत."

एवढंच म्हणाल्या. पण ओल आत कशी जाते ते ठिणगीला ठाऊक होतं. भांडं पुरतं गरम व्हायच्या आत उघडलं की हवेतली वाफ डोळ्यावर गोठते आणि डोळा नासतो. आणि दुर्बीण मिळायच्या आदल्याच दिवशी झडप बदलायला काकांनी भांडं उघडलं होतं.

तो जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरला. भांड्याच्या खोलीत काका शीळ घालत पिंपातून नायट्रोजन ओतत होते. जमिनीवर घोट्यापर्यंत पांढरी वाफ पसरली होती.

"काका, उघडायच्या आधी किती तास तापवलं होतं?"

"सहा."

"खोटं."

"खोटं कशाला बोलू? सहा तास घड्याळ लावून बसलो होतो."

"डोळा गेलाय! दीड वर्ष गेलं माझं!"

काकांनी पिंप खाली ठेवलं आणि समजुतीच्या सुरात म्हटलं, "हे बघ बाळा, तू शाळेत जात होतास तेव्हापासून मी ही भांडी..."

'बाळा' हा शब्द पुरा ऐकूही आला नाही. रेषा नसलेला हात गेला. आवाज झाला, तोच, आईच्या चिमट्याचा, हाडाचा. काका भांड्यावर पडले, भांडं टेबलावरून पडलं, पिंप लवंडलं, नायट्रोजन जमिनीभर उकळत धावला. काकांच्या सदऱ्याची बाही लाकडासारखी ताठ झाली. पडलेल्या माणसाला मारू नये एवढं शिक्षण ठिणगीचं झालेलं नव्हतं. त्याने दुसरी मारली, गुडघा छातीवर ठेवून तिसरी मारली. तोंडातून रक्त आलं आणि त्या वाफेत पडून क्षणात गुलाबी बर्फ झालं. फाटकावरचे दोघे पहारेकरी आले आणि त्यांनी त्याला केसांना धरून ओढलं तेव्हा तो थांबला. थांबवलं गेलं म्हणून थांबला, हे तो पुढे स्वतःच सांगायचा.

काकांचा जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी तारेने वरचे दात खालच्या दातांशी बांधून टाकले.

प्रकरण घरातल्या घरात मिटवायचं ठरलं. घरातल्या घरात म्हणजे काय हे ठिणगीइतकं कुणाला ठाऊक होतं? चौकशीला पाच खुर्च्या मांडल्या. काकांना बोलता येत नव्हतं. त्यांनी कागदावर लिहिलं, 'सहा तास'. पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं, 'सहा तास'. तिसऱ्यांदा पेन्सिलीचं टोक मोडलं. डोळा तपासावा तर भांडं पडून हवा आत गेली होती आणि डोळा आता खरोखरच नासला होता. आधी नासलेला की मारामारीत नासलेला, हे आता देवालाही कळलं नसतं. पाच खुर्च्यांनी निकाल दिला: काका निलंबित, महिन्याभरात नवा डोळा येईल तेव्हा कायमचे घरी. ठिणगीने लेखी माफी मागावी.

बाईंनी त्याला जिन्यात गाठलं. "तुला हाकललं असतं. पण डोळा खरंच त्याने घालवला होता, म्हणजे तुझ्या रागाला निदान कारण होतं. त्या कारणावर तू आत आहेस. एवढं ध्यानात ठेव."

ठिणगी आठ दिवस घरी गेला. आई जाऊन चार वर्षं झाली होती. बाप दुकानातच होता. डोळ्यांत मोतीबिंदू, डावा खांदा वर, उजवा कायमचा खाली. नजर अधू, तरी सुजलेली मूठ त्याला पहिल्याच फटक्यात दिसली.

"कुणाला?"

"एका माणसाला. कामावरच्या."

"चूक कुणाची?"

"त्याची."

बाप खो खो हसला. हसता हसता खोकला आला. "माझ्या वेळेलाही दर वेळी त्याचीच असायची."

ठिणगीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. जवळच घण होता. आयुष्यात पहिल्यांदा आपण बापाला मारू शकतो हे त्याला कळलं, आणि बापालाही ते कळलं, कारण म्हातारा जागचा हलला नाही, फक्त म्हणाला, "मार हवं तर. पण आधी तो तुकडा दे इकडे."

ऐरणीपाशी काळा तुकडा पडला होता. ठिणगी बघतच राहिला.

"उचलत नाहीस?"

"नाही."

"गरम आहे की गार, सांग बरं."

"कसं सांगू? काळा आहे."

बापाने वाकून तुकड्यावर थुंकी टाकली. थुंकी तशीच बसली, ओली. मग त्याने तो बोटांनी उचलून खिशात टाकला. "आधी थुंकून बघायचं असतं, गाढवा. उकळली तर गरम. तेव्हा हे सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं?"

"तुझ्या आईने सांगू दिलं कुठे? खांदा मोडून ठेवला."

तीस वर्षं! ठिणगीला हसावं की घण उचलावं कळेना. त्याने दोन्ही केलं नाही. ऐरणीला एक लाथ घातली, अंगठा मोडून घेतला, आणि लंगडत परतीची गाडी पकडली.

गाडीत त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. काळं होतं म्हणून त्याने ते मेलेलं धरलं होतं. थुंकून बघितलंच नव्हतं.

संस्थेत पोहोचल्यावर दुपारी त्याने दार लावून घेतलं आणि टाकून दिलेली ती तिसऱ्या रात्रीची, वाऱ्याची चित्रं काढली. चष्म्यावर डाग असेल तर मान कुठेही फिरवा, डाग चष्म्याबरोबर फिरतो. डाग भिंतीवर असेल तर तो भिंतीवरच राहतो. वाऱ्याने त्या रात्री दुर्बिणीची मान हलली होती. पांढरी दीर्घिका चित्राच्या चौकटीत अकरा घरं, म्हणजे अकरा ठिपके, सरकली होती. डाग कॅमेऱ्याच्या डोळ्यात असता, तर जागचा हलला नसता.

त्याने घरं मोजली. काळा खड्डाही अकरा घरं सरकला होता.

पुन्हा मोजली. अकराच.

डोळा ठणठणीत होता. खड्डा आभाळात होता. ज्या तुकड्यावर त्याने 'येथे काही नाही' लिहिलं होतं, तिथे काहीतरी होतं, आणि ते वजाबाकीत उलटं होऊन काळं उमटलं होतं. साध्या फोटोत त्याचा पत्ता नाही, म्हणजे धुळीत गळ्यापर्यंत बुडालेली, फक्त उष्णता सोडणारी दीर्घिका. शोधायला निघाला होता तिच्याहून कितीतरी दांडगी. लोक अशा एका खड्ड्यासाठी जन्म घालवतात.

आणि तो सापडल्याचं सांगायचं म्हणजे हेही सांगायचं की काकांनी सहा तास तापवलं होतं, की चूक रिकामी जागा निवडणाऱ्याची होती, की ज्या कारणावर आपण आत आहोत ते कारणच नाही. न सांगावं तर? वाऱ्याची चित्रं कुणीही मागणार नव्हतं. नवा डोळा पंधरा दिवसांत येत होता. त्याने चित्रं पुसायच्या बटणावर बोट ठेवलं. ते बोट भाजलेल्या हाताचं होतं. बटण लागलंय की नाही ते त्या बोटाला कळायचंच नाही. त्याने बोट उचललं. मग कागद छापले आणि लंगडत बाईंच्या खोलीत गेला.

बाईंनी कागद तीनदा बघितले.

"अकरा?"

"अकरा."

"हे घेऊन माझ्याकडे आला नसतास तर?"

"तर तुम्ही मला आत ठेवलं असतंत."

बाईंनी टेबलावरचा काचेचा गोळा उचलला आणि फेकून मारला. पाच फुटांच्या बाईच्या मानाने नेम उत्तम होता. भुवई फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. बाई उभ्या राहून ओरडल्या, "त्या माणसाला पातळ पेजेवर ठेवलंस तू! नळीने पितोय तो!" मग खाली बसल्या, कागद पुढे ओढले. "कपाळ पूस. रक्त आकड्यांवर पडतंय. आता पहिल्यापासून दाखव."

पाच खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. काका परत कामावर आले. ठिणगीला दुर्बीण कायमची बंद झाली. पोलिसात जायचं की नाही ते काकांनी ठरवायचं होतं, आणि काकांचं तोंड बंद होतं, तेव्हा सगळे तारा निघायची वाट बघत बसले. शोधाचा लेख निघाला. त्यात एक ओळ होती: 'हा डाग आधी चुकून यंत्रातील दोष समजला गेला होता.' बाईंनी ती ओळ ठिणगीकडून सात वेळा लिहून घेतली, पण त्याहून लांब होऊ दिली नाही. एक आख्खा जबडा त्या ओळीत मावला.

तारा निघाल्या त्या दिवशी ठिणगी दवाखान्याच्या दाराशी उभा होता. काका बाहेर आले, जबडा दोनदा हलवून बघितला आणि मग शिव्या सुरू केल्या. चार महिन्यांच्या तुंबलेल्या. आईबापापासून सुरुवात करून, दीर्घिका वगैरे घेत, ठिणगीच्या न जन्मलेल्या नातवंडांपर्यंत. रस्त्यावरचे लोक थांबले. ठिणगी मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. शेवटी दम लागला तेव्हा काका म्हणाले, "पोलिसात नाही जात. भांडी उचलायला माणूस लागतो मला. तू उचलायचीस. मी सांगेन तशी, मी सांगेन तोवर."

"हो, काका."

"काका म्हणायचं नाही."

तेव्हापासून, दूरच्या दीर्घिकेच्या शोधावर नाव असलेला हा माणूस तळघरातली भांडी उचलतो. आकडे बाई खाली पाठवतात. तो जेवायच्या सुट्टीत भिंतीला टेकून ते तपासतो. काका आता शीळ घालत नाहीत. घालून बघितली होती. हवा डावीकडून निसटते.

परवा सकाळी ठिणगी खोलीत आला तेव्हा भांड्याजवळ टेबलावर पोलादाची एक कडी पडली होती. करडी, साधी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ती उचलून भांड्याला लावायची होती. काका पाठमोरे उभे होते, जरा जास्तच पाठमोरे. ठिणगीने हात पुढे केला, थांबला, वाकला आणि कडीवर थुंकला.

थुंकी तडकन गोठली आणि पांढरा खडा झाली. कडी नायट्रोजनमधून नुकतीच काढलेली होती. हात लावला असता तर कातडी कडीवरच राहिली असती.

काका वळले. थुंकीच्या त्या खड्याकडे बघत म्हणाले, "मुद्दाम ठेवली होती."

"समजलं."

"उद्या दुसरीकडे ठेवीन."

"ठेवा," ठिणगी म्हणाला, आणि हातमोजे घालून त्याने कडी उचलली.